मुडदुशी

वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्यावर
बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवर आमचा क्लास.
खाली बर्फ असताना वर एसी कशाला, मालकांचा हिशेब.
दोन मशिनं. एकाला हार्ड डिस्क, दुसऱ्याला नुसतीच आशा.
खिडकीतून सुकटीचा वास,
आणि कीबोर्डच्या फटींत मीठ.

आम्ही तिघं. रात्री खरी नावं घेत नसू.
पास्कू फर्नांडिस म्हणजे शेंगटी, नुकत्याच फुटलेल्या मिशांमुळे.
बशीर होडेकर म्हणजे कर्ली:
त्याच्या कोडमध्ये इतके काटे
की गिळताना माणूस भात मागेल.
मी मुडदुशी. वाळूत तोंड खुपसून राहणारी,
पाचशे बारा बाइटांची वाळू,
डिस्कची पहिलीच चूळ, मशीन जिथे आधी पाय ठेवतं.

नेम कोणी लिहून दिले नव्हते.
पुसायचं नाही काही, हा पहिला.
ज्या घरात आधीच कोणी राहतं
तिथे खूण बघून उंबऱ्यावरूनच परतायचं.
दुसऱ्याचा तुकडा उचललास तर त्याचं नाव आत ठेव,
होडी विकली तरी नाळेवरचं नाव कोणी खरवडत नाही.
आणि बढाई? ती फक्त त्याच्यापुढे
ज्याला वाचता येतं.

माझी मुडदुशी काय करायची सांगू?
मशीन सहा तास बारा मिनिटं चालू राहिलं
की पडद्यावरची अक्षरं एक ओळ वर चढायची.
थांबायची.
उतरायची.
झालं. एवढ्यासाठी मी बारावीचं रसायनशास्त्र बुडवलं.

ती कुडाळला दिसली. मग पणजीला.
एकदा बेळगावहून आलेल्या फ्लॉपीत कोणा परक्याचा व्हायरस,
आणि त्याच्या पोटात, कोणी कधी बघणार नाही अशा जागी,
रोमन अक्षरांत: मुडदुशीला सलाम.
कोण तो, आजतागायत ठाऊक नाही.
पास्कूने त्या रात्री तीन गोटी सोडे फोडले
आणि एक खिडकीबाहेर ओतला, बेळगावच्या दिशेला.

मग मच्छीमार सोसायटीने मोठ्या फ्लॉप्या घेतल्या,
चौपट मावणाऱ्या. आम्ही तशी हातातही धरली नव्हती.
लहान फ्लॉपीवर मी जी जागा ओसाड धरली होती
तिथे मोठीवर फायलींच्या नावांची यादी असते.
मुडदुशी नेहमीसारखी आली,
पाहुणी म्हणून बसली,
आणि बसली ती कोणाच्या तरी मांडीवर.

डिझेलचा कोटा, त्र्याऐंशी होड्या, गेला.
शालन गिरप, सोसायटीच्या क्लार्क,
पडद्यापुढे उदबत्ती लावून बसलेल्या.
"भायरचा कायतरी लागला असतला," म्हणाल्या.
मालकांनी दुरुस्तीला पाठवलं मलाच.

बशीरला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ
टेबलावर बोटाने काहीतरी मोजत राहिला.
"नेम पाळलास," म्हणाला. "माप नाय पाळलास."
रात्रभर बसून त्याने ती उपटून काढणारा प्रोग्राम लिहिला,
आणि आत, शेवटच्या ओळीत, माझं नाव ठेवलं.
मला ते पुसून टाकावंसं वाटलं.
पण पुसायचं नाही काही.

यादी मात्र परत आली नाही.
शालनबाई मला धक्क्यावर घेऊन गेल्या,
डोळे मिटून पायरीवर बसल्या,
आणि होड्या जशा लागतात त्या क्रमाने,
उत्तरेच्या टोकापासून, सांगू लागल्या.
मी लिहीत गेलो. दर्याराणी. मोरेश्वर. सांत अँथनी.
अल मदिना. दुसरी मोरेश्वर, तुटक्या डोलकाठीची.
समोरचा धक्का रिकामा होता, सगळ्या बाहेर गेलेल्या.
मी बोलायला तोंड उघडलं, दोनदा.

शेवटी मोजल्या तर चौऱ्याऐंशी.
पुन्हा मोजल्या.
बाई, ही जलकन्या, ती गेल्या साली बुडाली ना,
तिला कसला डिझेलचा कोटा?

त्यांनी डोळे उघडले नाहीत.
"माका म्हायत आसा," म्हणाल्या.
"लिही. नाव ऱ्हवांदे."