मातीचा पॉइंट

सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हे आमच्या गावात
अजून ठरलेलं नाही.
शालिक टेलरच्या ओट्यावर दर रविवारी
ते पुन्हा ठरायचं राहतं.

बंद पडलेल्या जिनिंगच्या क्लबात
सहा भोकांचा टेबल आहे.
साहेब गेले, तो गेला नाही, इतका जड.
खाली काळी माती.
वैशाखात ती भेगाळते, तेव्हा टेबल दाराकडे कलतो,
पोळ्याला फुगते, तेव्हा खिडकीकडे.
अमरावतीहून कोणी पट्टीचा खेळणारा आला
की तीन डावांत गप्प होतो.

उकंडराव मार्करला हे आधी कळलं,
साहेबांचे गुण मांडता मांडता, नुसतं बघून.
त्यांच्या राज्यात त्याला काठी फक्त पुसायची परवानगी.
पुढे खेळायला लागला तेव्हा
डावाआधी उंबऱ्याबाहेर जाई,
भेगेत बोट घाली, पेरांनी मोजी,
आणि आत येऊन तेवढंच डावीकडे मारी.
मी त्याला पाहिलं ते म्हातारपणी:
चष्म्याला सुतळी, धोतराला खडूचे डाग,
पण काठी मागे न्यायचा इतकी सावकाश
की टेबलाखालची मांजर उठायची नाही.

त्याच्यानंतर कय्यूम फिटर, असं मी म्हणतो.
शालिक म्हणतो, "कय्यूम कायचा बे? पल्लाद कंडक्टर म्हण!"
प्रल्हाद तायडे, डावखुरा, मुक्कामी गाडीवरचा.
गुण तो तिकिटाला भोकं पाडून ठेवायचा.
सकाळची साडेसहाची यवतमाळ
एकदा सात वीसला सुटली,
आणि पॅसेंजरच क्लबाच्या खिडकीतून
त्याला शाबासकी देत उभे होते.
असेल.
पण कय्यूमची ती काळी गोटी.

त्र्याऐंशीचा उन्हाळा. समोर प्रल्हादच.
टेबलावर एकच उरलेली, भोकापासून चार बोटं.
आंधळ्यानं मारली तरी जाईल.
कय्यूम वाकला, श्वास धरला,
आणि चारचा भोंगा झाला.
त्यानं काठी भिंतीला लावली.
"ड्यूटी लागली भाऊ," म्हणाला,
आणि डबा घेऊन प्रेसवर गेला.

गोटीला कोणी हात लावला नाही.
कुलूप घातलं. किल्ली माझ्या बापाकडे.
सकाळी उघडलं तर टेबल रिकामा,
काळी गोटी जाळीत.

रात्रीतून भुई सरकली, असं कय्यूमची बाजू म्हणते.
प्रल्हादची म्हणते, उंदीर.
"किल्ली माह्या करदोट्यालेच होती,"
बाप मरेपर्यंत सांगत राहिला,
जरा जास्तच सांगत राहिला, म्हणून मला थोडा संशय आहे.
पाटीवर अजून ते तसंच आहे, कोणी पुसलं नाही:
कय्यूम दोन, प्रल्हाद दोन, माती एक.

मधे गोपाल गावंडे होता, मनगटात जादू.
पुण्याला कंपनीत लागला. फोनवर म्हणतो,
इथले टेबल सपाट आहेत रे, मजा नाही.
एक पैजेवर खेळणारा होता,
त्याचं नाव ओट्यावर कोणी घेत नाही,
मीही नाही.

मी स्वतः चाळीस वर्षं हरलो.
सगळ्यांशी.
म्हणून कोणाचा हात कसा होता
हे जिंकणाऱ्यांपेक्षा मला नीट ठाऊक.

आता उईकेची प्राची येते,
पोलीस भरतीचं रनिंग आटोपलं की,
बुटांवर अजून ग्राउंडची धूळ.
तिला यातलं काहीच माहीत नाही.
मोबाईल टेबलावर आडवा ठेवते,
पडद्यावर एक बुडबुडा सरकतो,
ती मान हलवते,
आणि तेवढंच डावीकडे मारते.

तेवढंच. उकंडरावाएवढंच.

परवा मी सांगायला गेलो,
"पोरी, या टेबलावर एका काळी..."
ती वाकलेली, एक डोळा मिटलेला.
"काका," म्हणाली, "सावली काढा नं जरा."

मी सरकलो.
खिडकीकडे. पोळा जवळ आलाय.