डब्याचे दोन पोचे

तीन पुडांचा डबा आहे माझा, जाड स्टीलचा.
वरच्या पुडाला एक पोचा, मधल्याला एक.
आई म्हणते, मोडीत घाल, झाकण बसत नाही.
मी फडकं गुंडाळते आणि नेते.

मार्चअखेर होती. सांगलीत, वखारभागात,
हळदीच्या पावत्या जुळेनात, साडेनऊ झाले.
शेवटचा ट्रक भरून हमाल गेलेले,
गल्ली पिवळ्या धुळीनं मऊ.
त्याचं पाऊल वाजलं नाही.
मनगट धरलं तेव्हा कळलं, कुणीतरी आहे.

शाळेत असताना बाबालाल वस्तादांनी
आम्हा पोरींना महिनाभर मातीत उतरवलं होतं.
म्हणायचे, पकडीला एक दार असतं,
अंगठा आणि बोटं भेटतात तिथं.
जोर लावू नको, दार शोध.
बंदच असलं तर? मी विचारलेलं.
तर मोड. पण घर पेटवू नको.
आम्ही हसलो होतो, कानात माती गेलेली.

त्या रात्री दार सापडलं नाही.
दुसरा हात तोंडावर आला, तंबाखूचा वास,
मग मी डबा फिरवला.

कानशिलावर बसला. हात सुटला.
तो गटारीच्या कडेला खाली बसला,
हरवलेली चप्पल चाचपावी तसा.
वीस पावलांवर टपरी, टपरीवर दिवा,
दिव्याखाली माणसं, कपात बुडवलेला खारी.
रस्ता मोकळा होता.
हे मी पाहिलं.
पाहिलं होतं, हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग दुसरा मारला.

चौकीत हवालदारांनी झटापट असा शब्द घातला.
झटापटीत सगळं मावतं.
बेस केलंस ताई, म्हणाले, सही कर.
गोदामातल्या बायका म्हणाल्या,
अजून दोन ठेवून द्यायच्या होत्यास.

तात्या बस्तीतून येतात, गाळलेलं पाणी पितात,
मग चष्मा लावून शास्त्र उघडतात.
मी आडून विचारलं.
चूल पेटवताना होते ती हिंसा आरंभी,
पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी,
अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी.
या तीन संसारी माणसाला सुटत नाहीत, बाळ.
ठरवून केलेली संकल्पी, तेवढी सोडायची.
तुझी विरोधी, म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.
मी मान हलवली.
तात्या, डब्याला पोचे दोन आहेत.
हे आतल्या आत.

त्याची दया येत नाही मला, खोटं कशाला बोलू.
पण दुसऱ्या फटक्यात तो एकटा नव्हता.
मिरजेच्या बसमधलं ते कोपर होतं त्यात,
क्लासच्या जिन्यात अंग चोरायला लावणारा होता,
आणि मुलाखतीत माझ्या अर्जाऐवजी
माझ्याकडेच बघत बसलेला एक साहेब.
सगळ्यांची थकबाकी मी
एका कानशिलावर वसूल केली.
मी, हिशेब लिहिणारी बाई!
एकाचं येणं दुसऱ्याच्या खात्यावर
अकरा वर्षांत एकदाही टाकलेलं नाही.

आता रविवारी शाळेच्या मैदानावर
पोरींना ते दार दाखवते. अंगठा, बोटं, झटका.
आवट्यांची चेलना विचारते,
बाई, मारायचं किती?
सुटेपर्यंत.
आणि सुटल्यावर?
पळायचं.
आणि राग राहिला असेल तर?
तो घेऊन पळायचं, मी म्हणते,
आणि माझाच आवाज मला जरा उसना वाटतो.

पिशवीतून डबा काढते, फडकं सोडते.
यातला पहिला कुठला, सांग बघू.
ती दोन्हीवरून बोट फिरवते,
उन्हात तिरका धरते, पुन्हा फिरवते.
सारखेच आहेत की, म्हणते.