मीठ कमी आहे

ब्रॅडफर्डला चढावरच्या एका गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर,
दर गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांनी
डोरीन अ‍ॅक्रॉइड दार उघडते आणि काहीच विचारत नाही.
दोन खुर्च्या, एकमेकींकडे थेट न बघणाऱ्या.
खालून ड्रिलचा आवाज.
सुरुवातीला वाटायचं, ही बाई पैसे कशाचे घेते?
ना गोळी, ना उपदेश, ना गृहपाठ.
नुसती थांबते,
बस निघून गेल्यावरही स्टॉपवर उभ्या राहिलेल्या माणसासारखी.

मी हॉस्पिटलात दुभाषी आहे.
म्हाताऱ्यांची दुखणी डॉक्टरांना सांगतो,
डॉक्टरांचे आकडे म्हाताऱ्यांना.
मधे माझं स्वतःचं एक वाक्य घालायचं नसतं, नियमच आहे.
"कधीपासून करताय हे?"
अकरा वर्षं, म्हणालो.
मग महिन्याभरानं, कसलाच संबंध नसताना,
इस्लामपूरचं स्वयंपाकघर आठवलं.
बाबा पाटावर, आई स्टोव्हपाशी,
दोघांमध्ये हातभर अंतर, त्यात सहा वर्षांचा मी.
"तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे."
"तुझ्या बाबांना सांग, बरणी तिथंच आहे."
सतरा दिवस. एकदा तर अख्खी दिवाळी.
म्हणजे अकरा नव्हेत, छत्तीस वर्षं.

ऑगस्टात ती तीन आठवडे सुट्टीवर गेली,
आधी नीट सांगून, तारखा लिहून देऊन.
परतली तेव्हा माझा घसा बसला होता.
निदान मी तसं सांगितलं.
चाळीस मिनिटं गालिच्यावरचा चहाचा डाग बघत राहिलो.
"रागावलात बहुतेक माझ्यावर."
छे. तुमच्यावर कशाला?
"मग हे जे चाललंय, त्याला तुमच्या भाषेत शब्द आहे?"

होता.
हात धरतात, उपास धरतात,
मनात राग धरतात, तसाच धरतात तो.
अबोला, म्हणालो.
तिनं उच्चारून पाहिला,
शेवटचा आ नको तितका लांबवून, आणि अर्थ विचारला.
मी, शपथ घेतलेला दुभाषी,
ओठांपर्यंत आलेलं भाषांतर गिळून टाकलं.
म्हणालो, तुम्ही गेलात ते मला आवडलं नाही.

घसा आता खरंच दुखायला लागला.
ती उठून गेली नाही. बघत राहिली माझ्याकडे.
सहा वाजले. पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास.

खाली दातांचा डॉक्टर कुलूप लावत होता.
बसमध्ये जिभेवर काहीतरी खारट.
आईला फोन लावला, आणि वाजायच्या आत बंद केला.
कुणाचा निरोप सांगणार होतो?