हशाचा अहवाल

प्लॉवदिव शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम टंकलेखनाचं.
छापायच्या आधी सगळं आमच्या टेबलावरून जायचं:
गुलाबतेलाचे भाव, बुद्धिबळाचे निकाल,
हरवलेल्या कुत्र्यांचे शोध,
आणि दर गुरुवारी मागच्या पानासाठी
स्पिरिदोन काल्चेवचा मजकूर.

तो आम्ही शेवटी वाचायचो,
ताटातली गोड वस्तू राखून ठेवावी तसा.

त्या हिवाळ्यात त्याने बैल आणला.
दूधसंघाच्या संचालकपदी नेमलेला बैल.
दूध देत नाही, पण खूर उमटवतो झकास.
वर्षअखेरीस आकडे दुप्पट,
गायींना पदकं, वासरांना भाषणं,
आणि दही फक्त फोटोत.

कॉम्रेड ग्रोझ्दानोव हसले.
आधी नाकातून,
मग पोट धरून,
मग उठून दार लावून घेऊन.
चष्मा पुसत म्हणाले, "घे लिहून.
मजकूर आक्षेपार्ह आहे, कारण यातला बैल म्हणजे..."

माझी बोटं कळांवर थांबली.
"बैल म्हणजे?" मी विचारलं.

शेगडीत लाकूड तडकलं.
खाली मारित्सा नदी, अर्धी गोठलेली,
अर्धी कान देऊन.

"बैल म्हणजे बैल," ते म्हणाले. "खोड ते."

चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.
नाव जो उच्चारेल
गुन्हा त्याच्याच तोंडून घडणार होता.
चोराच्या मनात चांदणं, खरंच;
पण चांदण्याला साक्षीला बोलावणार कोण?

बैल छापला गेला.

मला वाटलं, आता कुठेतरी काहीतरी तडकेल.
झालं ते असं:
दूधसंघाच्या संचालकांनी, तीन वळ्यांची मान त्यांची,
दहा अंक विकत घेतले
आणि नववर्षाच्या मेजवानीत काल्चेवला उभं करून
तो मजकूर वाचायला लावला.
सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.
"हुबेहूब आपला सिमेंटवाला!"
सिमेंटवाल्याने बोट दाखवलं कोंबड्यांच्या खात्याकडे,
कोंबड्यांनी रेल्वेकडे.
बोट खुर्चीखुर्चीने फिरत फिरत
दाराशी कोट सांभाळणाऱ्या म्हातारीवर येऊन थांबलं.
तीही हसली. नोकरी होती तिची.

जानेवारीत काल्चेव आमच्याकडे आला,
शेगडीवर हात धरून उभा राहिला.
"त्सोनका," म्हणाला,
"मी शालजोडीतला मारला.
त्यांनी जोडा परत दिला
आणि शाल ठेवून घेतली."

मी हसले. मग त्याला ती गंमत सांगितली,
चार वेळा खोडलेल्या बैलाची.
तो हसला नाही.
फक्त माझ्या बोटांकडे बघत राहिला.

पुढच्या गुरुवारी आला मजकूर, दीड पानाचा.
त्यात बैल नाही, कोल्हा नाही, एक शेपूट नाही.
दार लावून हसणारा साहेब होता.
मफलरीत तोंड खुपसून हसणारी रांग होती,
पुढच्या माणसाला कोणी उचलून नेलं
तर एक पाऊल पुढे सरकणारी,
जागा झाली म्हणून.

ग्रोझ्दानोवांनी तो बसूनच वाचला.
दार उघडंच होतं.
या वेळी विचारावं लागलं नाही काही.
"नको," ते म्हणाले.
दोन अक्षरं. मी ती एका फटक्यात टंकली,
एकही चूक नाही.

काल्चेव पुढे बुद्धिबळाचे निकाल लिहायचा.
सरकारं बदलली, दही परत आलं,
त्याच्या बैलाला आता शाळेत धडा म्हणून नेमलंय;
मुलं प्रश्नोत्तरांत लिहितात, बैल म्हणजे कोण,
आणि पूर्ण गुण घेतात.

त्या दुसऱ्या मजकुराचा कार्बन माझ्याकडे आहे.
चोरला म्हणा. राहिला म्हणा.
कधी दुपारी खिडकीच्या काचेवर धरते,
तर अक्षरांतून उजेड येतो बारीक बारीक,
आणि तळाशी, संपता संपता, एक बाई दिसते,
थंड बोटं कळांवर ठेवून बसलेली.
ती विचारते, "बैल म्हणजे?"
जणू तिला माहीतच नाही.