एका इंचात किती धागे

यादीतला सतरावा समूह: विडी घरकुल.
गल्लीत शिरून डाव्या हाताला मोजत जायचं,
प्रत्येक नववं घर.
हे कुणी ठरवलं? कुणीच नाही,
पुण्याहून आलेल्या कागदावरच्या आकड्यांनी.
महानंदा हत्तुरे पुढे, दारावर खडूनं फुली मारत,
मी मागे, खांद्याला बर्फाचा डबा,
पिवळ्या बुचाच्या नळ्या, संमतीपत्रं चार भाषांत.
ऊन असं, की स्पिरिटचा बोळा
दंडापर्यंत पोचेतो वाळायचा.

चौथं नववं घर बंद निघालं.
कुलपावर धूळ, चौकटीला पालिकेच्या कागदाचा
एक चिकटलेला कोपरा.
नियम सोपा: घर बंद असेल तर पुढचं घ्या.
रकाना सात, कारण: बंद, नकार, इतर.
मी "बंद"वर खूण केली.

पुढचं घर नरसम्मा चिलवेरीचं.
तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं,
तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळली.
"नेत्तुरु? एंदुकु?"
एवढं तेलुगू मला येतं. रक्त? कशाला?
म्हटलं, आजार अंगातून जाऊन आला का, ते बघायला.
"ताप शेजारच्यांना आला. नवरा, बायको, दोघंही सिव्हिलला गेले.
पोरीला मामा घेऊन गेला करीमनगरला.
मला एक शिंकसुद्धा नाही."
"न कळताही येऊन जातो, अम्मा."
तिनं माझ्याकडं बघितलं
छाट काढणाऱ्या चेकरकडं बघतात तसं.
हजारातली एक जुडी उचलायची,
दोन बोटांत दाबायची, आणि शंभर विड्या बाद.
"म्हणजे तू पण तसंच.
एक जुडी बघून अख्खं सूप ओळखणार."
प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत
एवढं नेमकं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
"पण इथं छाट नाही," मी म्हणाले,
"इथं कुणालाच बाद करत नाहीत."
शेजारच्या कुलपाकडं तिनं बघितलं नाही.
मी बघितलं.
अंगठा तिनं नळीच्या चिठ्ठीवरच टेकवला, कागद सोडून.

राजमल्लू गाजूल, बत्तीस वर्षं जॉबर,
माग बंद, तरी खिशात पितळी भिंग.
घडी उलगडून त्यानं माझ्या ॲप्रनवर ठेवलं.
"थान कितीही लांब असू दे, बाई,
एक इंच मोजायचा. ताणा किती, बाणा किती.
फक्त काठाला मोजू नको,
काठ खोटं बोलतो."
"आणि फाटलेलं असेल तिथं?"
"तिथं काय मोजणार?" म्हणाला,
आणि बाही वर सारली.

रात्री यंत्रात फिरून नळ्या निवळल्या.
खाली काळपट लाल, वर करडईच्या तेलासारखा रंग.
नळ्यांना नावं नसतात, नुसते क्रमांक.
पण एका चिठ्ठीवर तंबाखूचा तपकिरी अंगठा होता.
थाळीतल्या शहाण्णव खळग्यांत
तो खळगा सावकाश पिवळा झाला,
आजूबाजूचे पांढरेच.
एकाच सुपात दोघी तंबाखू घ्यायच्या का,
एकाच फडक्यात पानं भिजवायच्या का,
विचारायला रकाना नव्हता.
कोण आधी, कोण नंतर, तेही रक्त सांगत नाही.
ते फक्त म्हणतं: इथून गेला.

अहवाल आला. जिल्ह्याला एक आकडा,
दशांश चिन्हासकट,
पुढं कंसात इकडं-तिकडं सरकायला जागा.
साहेबांनी तो दोनदा वाचून दाखवला.

पावसाळा सरल्यावर दुसरी फेरी.
तोच समूह, नवी घरं.
नरसम्मा दारात, बोटं चालूच,
दोऱ्याचा वेढा, कात्रीची टोकं, विडीचं तोंड बंद.
"काय निघालं माझं?"
"एकट्याचं सांगत नाहीत, अम्मा. सगळ्यांचं मिळून सांगतात."
खरं तर नळीचा रंग माझ्या डोळ्यांसमोर होता.
"मग त्या सगळ्यांत मी आहे?"
"आहात."
"आणि ही शेजारची?"

महानंदानं खडू हातात घेतला,
गल्लीच्या टोकाला जाऊन
डाव्या हाताला मोजायला लागली.
एक. दोन.
कुलपापाशी क्षणभर अडखळली,
आणि तेही मोजलं.