डाग

अलिचूरला पोचलो तेव्हा डोकं ठणकत होतं
चार हजार मीटरच्या उंचीनं,
आणि चित्र आधीच ठरलेलं होतं:
खाली मीठ फुटलेली पांढरी जमीन,
वर तपकिरी डोंगर, मध्ये काही नाही.
काही नाही, हेच हवं होतं मला.
त्यासाठी तीन विमानं बदलली होती.

विजेचा खांब चौकटीबाहेर राहावा
म्हणून मी खडीवर पालथा पडलो.
टायरच्या खुणा नकोत, म्हणून आणखी डावीकडे.
नेक्कदम गाडीला टेकून
सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.
"माझीही अडचण होत असेल तर सांग," म्हणाला.
मी खरंच सांगितलं.
तो गाडीमागे जाऊन बसला.

असे पाच दिवस.
पहाटे चारला बॅटऱ्या काखेत ऊबवत.
एकदा ढग फाटून उन्हाची एक पट्टी
डोंगराच्या खांद्यावर उतरली,
अकरा सेकंद थांबली.
मी तेव्हा नाक पुसत होतो.

राहायला टोपचुबूकडे.
चुलीत ती तेरेस्केनची मुळं सारायची,
वाकडी, हातभर लांब, दगडासारखी जड.
म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा हे झुडूप दारात होतं.
मग टेकडीवर. मग टेकडीपलीकडे.
आता पोरं ट्रक घेऊन जातात,
अंधार पडला की परततात.
नेक्कदम भाषांतर करता करता थांबला,
माझ्याकडे बघून हसला:
"तुझं ते काही नाही आहे ना,
ते ह्या चुलीतून गेलंय."

चहात मीठ होतं, वर लोण्याचा तवंग.
तो सहज उतरला घशाखाली.

शेवटच्या रात्री लॅपटॉप उघडला.
उजव्या कोपऱ्यात, उतारावर, काळा ठिपका.
सेन्सरवर धूळ बसते, आम्हाला सवय असते,
एक टिचकी, की गेला.
टोपचुबूनं माझं मनगट धरलं.
मोठं कर.
केलं.
अजून.
आता नुसती काळी-करडी ठिगळं उरली,
मला त्यांत काही दिसेना.
तिनं बोट ठेवलं: हे डोकं. हे मोडकं शिंग.
आठ दिवस झाले तिचा याक घरी आला नव्हता.

मग ते बोट चालतच राहिलं,
मी रिकामा म्हणून टिपलेल्या डोंगरावरून:
इथं झरा, वरून गोठतो, आतून वाहतो.
ह्या खाचेत लांडगे.
ही सावली नाही, वाट आहे.
इथं दीर सापडला, एप्रिलमध्ये,
बसलेला, मांडीवर हातमोजे.
हा उतार मामातोक्तोचे लोक आपला म्हणतात,
म्हणोत.
नेक्कदमची जीभ मागे पडू लागली,
मग त्यानं सांगणंच सोडलं,
आणि मी नुसतं बोट बघत राहिलो.

सकाळी तिचा नातू मोटारसायकल घेऊन गेला.
मी तिवईचे पट्टे बांधायला मुद्दाम वेळ लावला,
सोडून पुन्हा बांधले.
दुपार टळली तरी तो आला नाही,
आणि पुढचा घाट उजेडात ओलांडायचा होता.
याक होता की खडक, मला अजून माहीत नाही.

दुशान्बेत त्याच फोटोची एक प्रत मोठी करायला दिली,
नेक्कदमच्या हाती तिला पाठवायला.
छापणारा मुलगा तरुण, कामाचा पक्का.
कोपऱ्यावर पेन्सिलीचं टोक धरून म्हणाला,
हा डाग काढून टाकू का? पैसे नको.

राहू दे, म्हटलं.
जायचा असला तर जाईल
आपल्या पायांनी.