फळीच्या आतल्या बाजूला

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
निर्यात विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर,
आणि जगाचा नकाशा,
ज्याचा खिळा नेमका ओमानच्या किनाऱ्यात ठोकलेला.

शुक्रवारी दरपत्रक येतं.
चाळीस फुटी कंटेनर, न्हावाशेवा ते हॅम्बुर्ग.
गेल्या शुक्रवारचा आकडा
या शुक्रवारी ओळख दाखवत नाही.
तांबड्या समुद्राचं दार लोटलेलं,
जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात,
दिवस जास्त, तेल जास्त, विमा जास्त,
आणि तळाशी बारीक अक्षरात
आणीबाणी अधिभार.
मी तो मालकांना दोनदा वाचून दाखवते.
बसवंतअण्णा चष्मा कपाळावर सरकवतात,
"आणीबाणी कुणाची वो? त्यांची की आमची?"

मग एकदा जहाजच बंदर गाळून पुढं गेलं.
याला ब्लँक सेलिंग म्हणतात.
कोगनोळी नाका ओलांडून गेलेला आमचा ट्रक
उरणच्या रस्त्याकडेला चार दिवस उभा,
आणि इरफानचा फोन:
"मॅडम, समुद्राचा वास येतोय,
जहाज तेवढं नाही."

तिकडून मेल. लाइन थांबलीय,
चाळीस नग तरी विमानानं पाठवा.
चाळीस पंप-केसिंग, बिडाचे.
विमानवाले जागाही मोजतात, वजनही मोजतात,
आणि जे भारी पडेल त्याचे पैसे लावतात.
बीड कुणासाठी हलकं होत नाही.
भाडं मालाच्या किमतीवर चढलं,
तरी अण्णांनी सही केली,
पेन मात्र झाकण न लावता टाकून दिलं.
सांबऱ्यावरून आकाश जवळ,
पण माल टेंपोनं रात्रीच बेंगळुरूला,
हिरेबागेवाडीचा टोल भरून.

उगमाच्या दाखल्यात मी देश लिहिते.
राज्याला रकानाच नाही.
बेळगावात इतका बिनवादाचा कागद
मी तरी दुसरा पाहिला नाही.

राहिलेला माल शेवटी समुद्रानं गेला.
त्या दिवशी पॅकिंगमध्ये आरडाओरडा.
मोनाप्पा हलगेकर खोकी ठोकताना
महिन्याच्या चहाचा हिशेब
पाइनच्या फळीवर खडूनं लिहायचा,
हाताशी येईल त्या फळीवर.
ती फळी खोक्याला लागली,
लिहिलेली बाजू आत.
यल्लव्वा किटली घेऊन उभी:
"मोनाप्पा, लेक्का एल्लि?"
मोनाप्पानं न्हावाशेवाच्या दिशेनं हात केला.
तिनं खाली बघून पदर खोचला,
आणि त्याला उधार बंद.

मी रोज जहाज बघत बसायची पडद्यावर,
एक हिरवा बाण, केपच्या खाली,
मग सेनेगलपाशी, मग दोन दिवस कुठंच नाही.
मोनाप्पा दारातून विचारायचा, "कुठवर?"
इतक्या आपुलकीनं
त्यानं मुलीच्या कॉलेजच्या बसचीही चौकशी केली नसेल.

अडुसष्टाव्या दिवशी फोटो आला.
श्रीमती क्रूगर विचारतात:
खोका क्रमांक सातमध्ये आतून काही नोंदी आहेत,
उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या, एक आडवी.
ही तपासणीची पद्धत आहे काय?
असल्यास कागदपत्र पाठवावेत.

मी फोटो मोठा करून छापला.
पॅकिंगमध्ये सगळे वाकले.
यल्लव्वानं बोटानं मोजलं, ओठ हलवत,
कन्नडमध्ये सुरू करून मराठीत संपवलं.
त्रेचाळीस.
मोनाप्पा म्हणाला, एक्केचाळीस, त्या दोन रेघा ओरखडे आहेत,
बोटीत पडलेले.
ती म्हणाली, असूदे, एक्केचाळीस.
मग किटली खाली ठेवून:
"पण खरं सांग, कुठल्या दरानं?
तवा दहा होता.
आता बारा झालाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
माझ्या टेबलावर जहाज कंपनीचं पत्र होतं,
बुकिंगचा दर की चढवल्या दिवसाचा,
सात आठवडे उत्तर नाही.